निघण्याआधी सिलिंडर बंद, मगच गाडी चालू

मोटरहोम, म्हणजे आत स्वयंपाकघर असलेली राहती गाडी, धावत असताना चहासुद्धा टाकू नका. करकचून ब्रेक लागला की उकळतं पाणी थेट अंगावर येतं, आणि ओट्यापाशी उभ्या माणसाला सीटबेल्ट नसतो. निघताना नुसतं शेगडीचं बटण फिरवून भागत नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्हच बंद करा. मग हादऱ्यांनी नळी सैल झाली तरी गळती नळीतल्या उरल्यासुरल्या गॅसपुरतीच राहते.

फ्रीज गॅसवरही चालणारा असेल तर प्रवासात तो गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर घ्या. गॅसवर असताना त्याच्यात ज्योत पेटलेली असते, आणि पेट्रोल पंपावर ती अजिबात नको. असा फ्रीज 12 व्होल्टवर गारवा टिकवतो, नव्याने फारसा करत नाही, म्हणून आदल्या रात्रीच थंड करून ठेवावा.

मायक्रोवेव्ह इन्व्हर्टरवर लावायचा मोह होतोच. पण 1500 वॅट ओढणारं उपकरण 12 व्होल्टच्या बॅटरीतून 125 अँपिअरहून जास्त करंट खेचतं. वायर बारीक असली तर तापते. त्यापेक्षा मायक्रोवेव्ह बंदच ठेवा आणि त्याच्यातली काचेची थाळी काढून टॉवेलात गुंडाळा. आणि हो, फ्रीजची खिट्टी हाताने ओढून बघा, नाहीतर पहिल्याच वळणावर दूध खाली.