कोंबडीचा डोळा सुजला? ड्रॉप घालण्याआधी या चुका टाळा

पुण्यात जुलैची झड लागली की अंगणात किंवा गच्चीवर चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास येते. कोंबडी एक डोळा मिटून कोपऱ्यात उभी आहे, डोळ्याखाली फुगवटा दिसतो, तर घरातला कोणता ड्रॉप चालेल? पहिली चूक या प्रश्नातच आहे, कारण कोंबडीचा डोळा बिघडलेला दिसला तरी दुखणे पुष्कळदा दुसरीकडेच असते. डोळ्याच्या पुढे आणि किंचित खाली, त्वचेच्या अगदी लगत, नाकाशी जोडलेली एक पोकळी असते. नाकातला संसर्ग तेथे उतरला की गाल फुगतो आणि पाहणाऱ्याला डोळाच सुजल्यासारखा वाटतो. अशा वेळी डोळ्यात कितीही थेंब घातले तरी ते त्या पोकळीपर्यंत पोचत नाहीत.

म्हणून औषधापूर्वी तपासणी करावी, आणि तीही संपूर्ण कोंबडीची. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की आजारी कोंबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे आणि विजेरीच्या उजेडात दोन्ही डोळ्यांची तुलना करावी. चोच उघडून तोंडात पांढरे ठिपके किंवा पिवळट थर आहेत का ते पाहावे, नाकपुड्यांचा वास घ्यावा, छातीचे हाड बोटाला टोकदार लागते का, म्हणजे कोंबडी रोडावली आहे का, ते चाचपावे आणि मग खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्यांचे डोळेही बघावेत. एकाच कोंबडीचा एकच डोळा बिघडला असेल तर काडी, तूस किंवा दुसरीची चोच लागल्याचा संशय आधी घ्यावा. तीन-चार जणींचे डोळे एकदम पाणावले असतील, तर कारण हवेत आहे किंवा संसर्गात. डोळ्यावरून आतल्या कोपऱ्यातून आडवा सरकणारा पातळ पडदा पाहून नवखे पालक घाबरतात, पण ती पक्ष्यांची तिसरी पापणी असते. तो पडदा अर्धवट अडकून राहिला तरच काळजी करावी.

पावसाळ्यातली सर्वांत मोठी चूक मात्र ताडपत्रीची आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून खुराडे चारही बाजूंनी झाकले जाते, खालचे तूस ओले होते, विष्ठा कुजते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो. हवेतले त्याचे प्रमाण दहा लाख भागांत २५ भागांच्या वर राहू देऊ नये असे कुक्कुटपालनात मानले जाते. घरी मोजायला यंत्र नसते, पण पहाटे खुराडे उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीला वाकून मिनिटभर थांबावे. तुमचे डोळे चुरचुरले, तर रात्रभर तेथे बसलेल्या कोंबडीचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. उभ्याने वास घेऊन निर्णय करू नये. शिवाय रोज जाणाऱ्याच्या नाकाला त्या वासाची सवय होऊन बसते, म्हणून कधीतरी शेजाऱ्यालाच वाकायला लावावे. या त्रासात बहुधा दोन्ही डोळे बिघडतात, कोंबडी डोके पंखावर घासते, उजेड टाळते आणि बुबुळावर धुरकट झाक येते. उपाय म्हणजे ओले तूस काढून कोरडे घालणे, ताडपत्री वरच्या बाजूला वीतभर मोकळी ठेवणे आणि पाण्याचे भांडे सांडणार नाही असे टांगणे. पुष्कळ जण ओल्या तुसावर चुना मारतात. त्याने आधी अमोनिया अधिकच सुटतो, तेव्हा निदान कोंबड्या आत असताना तरी हे करू नये.

हवा स्वच्छ असूनही डोळे वाहत असतील तर स्राव नीट पाहावा, कारण तो पुष्कळ काही सांगतो. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे आणि सोबत खुरखुर असेल, तर मायकोप्लाझ्माचा, म्हणजे जुनाट श्वसनविकाराचा विचार करावा लागतो. फुगलेला चेहरा आणि नाकाला सडका वास असेल, तर संसर्गजन्य सर्दीचा संशय असतो आणि ती एक ते तीन दिवसांत दुसऱ्या कोंबडीला गाठते. हे दोन्ही रोग जिवाणूंचे आहेत. औषधाने कोंबडी बरी दिसू लागते, पण ती पुढेही रोगवाहक राहू शकते, आणि चाकणच्या आठवडे बाजारातून आणलेली ठणठणीत तलंग आपल्या खुराड्यात रोग आणते ती अशीच. नवी कोंबडी ३० दिवस वेगळी ठेवायचा कंटाळा करू नये.

पापणीवर, तुऱ्यावर काळपट खपल्या असतील तर ती देवी. हा विषाणूजन्य रोग डास पसरवतात, त्यावर प्रतिजैविक चालत नाही, आणि खपली उचकटणे ही त्यातली हटकून होणारी चूक आहे, कारण जखम उघडी पडते आणि खपलीतला विषाणू सगळीकडे होतो. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. तोवर मिटलेला डोळा धुवावा आणि कोंबडीला दाणा-पाणी दिसते आहे ना हे पाहावे. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पडद्यात टोचतात आणि साथ सुरू झाल्यावरही निरोगी कोंबड्यांना ती देता येते. लसीच्या कुपीत शे-दोनशे मात्रा असल्याने परिसरातल्या पालकांनी मिळून एकच दिवस ठरवणे परवडते. राज्याची पशुवैद्यकीय लस तयार करणारी संस्था आपल्याच औंधला आहे, ही पुणेकरांची सोय आहे.

पापणीखाली पनीरासारखा गोळा साठला असेल तर नुसते थेंब व्यर्थ जातात. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होत नाही, तो घट्ट बसतो. औषधाच्या दुकानातल्या ०.९ टक्क्याच्या सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवून तिच्यात भिजवलेला कापूस पाच मिनिटे डोळ्यावर धरावा आणि गोळा सैल झाला तरच हलकेच बाहेर सारावा. चिकटलेला असेल तर ते काम पशुवैद्यकांचे. असा गोळा आणि तोंडात पांढऱ्या पुळ्या एकत्र दिसल्या तर जीवनसत्त्व अ कमी पडले असेल. नुसत्या तांदूळ, ज्वारी किंवा बाजरीवर पोसलेल्या कोंबड्यांत हे होते. पिवळा मका, शेवग्याचा पाला आणि मेथी रोज द्यावी. बाहुलीभोवतीचा रंगीत भाग राखाडी आणि बाहुली वेडीवाकडी झाली तर तो मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाचा प्रकार असण्याची शक्यता असते; त्यावर इलाज नाही, लस एक दिवसाच्या पिलालाच देतात.

आता ड्रॉपविषयी, कारण येथे मी स्वतः चुकलो आहे. धायरीला आमच्या एका गिरिराज कोंबडीच्या डावीकडच्या डोळ्यात तुसाचा कण गेला होता. घरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली बाटली होती, तीच दोन दिवस घातली. त्या औषधात स्टिरॉइड होते. तिसऱ्या दिवशी बुबुळ दुधासारखे पांढरे झाले. पशुवैद्यकांनी रंगाचा थेंब टाकून निळा उजेड मारला तेव्हा मधोमध हिरवा चमकणारा व्रण मला स्पष्ट दिसला. बुबुळावर ओरखडा असताना स्टिरॉइड घातले तर तो भरत नाही, उलट खोल जातो, म्हणून अशी तपासणी झाल्याशिवाय ते घालू नये. क्लोरॅम्फेनिकॉलचे मलमही घरोघरी असते, पण अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्यांत त्याला बंदी आहे आणि अंडी आपल्याच ताटात येणार असतात. कोणतेही प्रतिजैविक घेताना किती दिवस अंडी खाऊ नयेत हे विचारूनच घ्यावे.

डोळ्यांच्या सुजेबरोबर हिरवी हगवण, मान वाकडी होणे किंवा एकापाठोपाठ अचानक मरतूक दिसली, तर घरचे उपचार तेथेच थांबवावेत. रानीखेत हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग असो वा बर्ड फ्लू, डोळ्यांवरून दोन्हींतला फरक कळत नाही. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला नोंदला गेला होता. मेलेली कोंबडी फाडून पाहू नये, उघड्या हातांनी उचलू नये, आणि पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.

आमच्या त्या कोंबडीचा डोळा वाचला नाही. पहिले काही दिवस तिची चोच दाण्याच्या बाजूला पडत असे आणि बाकीच्या तिला आंधळ्या बाजूने टोचत. म्हणून तिचे भांडे भिंतीच्या कडेला एकाच जागी ठेवले आणि आम्ही नेहमी तिच्या उजव्या बाजूने जाऊ लागलो. दोन आठवड्यांत तिला जागा पाठ झाली. आता ती मान डावीकडे वळवून उजवा डोळा दाण्यावर आणते आणि मग टिपते.