थरथरणारा सूर कसा स्थिर केला: माझा अनुभव

हाताच्या अंतरावरून सूर बदलणारं वाद्य मी आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट-बोर्डावर) बनवलं. सेन्सर इन्फ्रारेड, 10 ते 80 सेंमीचा. हात स्थिर असला तरी सूर थरथरायचा आणि सरकवला की पायऱ्या ऐकू यायच्या.

थरथर कोडमध्ये नव्हती, वीजपुरवठ्यात होती. हा सेन्सर प्रकाशाचे स्पंद सोडताना झटक्याने करंट ओढतो, त्यामुळे व्होल्टेज डगमगतं. सेन्सरच्या पायांजवळच 5 व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून लागेल तेव्हा देणारा भाग) लावला. बरीचशी थरथर तिथेच गेली.

पायऱ्यांचं कारण वेगळं. सेन्सर साधारण 40 मिलिसेकंदांनी नवं माप देतो. कानाला ते टप्पे लगेच कळतात. म्हणून प्रत्येक कंट्रोल-फेरीत (कोड सूर ताजा करतो त्या प्रत्येक वेळी) जुन्या किमतीत, नवी आणि जुनी किंमत यांतल्या फरकाचा दहावा भाग मिळवत गेलो. हे गुळगुळीतपण फ्रिक्वेन्सीला नव्हे, मिडी स्वरक्रमांकाला (डिजिटल संगीतात प्रत्येक स्वराला दिलेल्या क्रमांकाला) दिलं आणि मग 440 × 2^((न−69)/12) या सूत्राने फ्रिक्वेन्सी काढली (न म्हणजे स्वरक्रमांक). खर्जात आणि तारसप्तकात मींड सारखीच सरकते ती यामुळे. जवळच्या पूर्ण स्वरावर सूर खिळवता येतो, पण मला ते मान्य नाही. मींड हाच या वाद्याचा जीव आहे.

एक मात्र सांभाळा: 10 सेंमीच्या आत माप उलटं फिरतं, म्हणून सेन्सर पेटीत तेवढा खोल बसवा.