विद्यापीठ कॉन्फरन्स सोडते तेव्हा: बातमीमागचे करार कसे वाचावेत

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलसाठी कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, बदलली की पहिली चर्चा नकाशाची होते. पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये कसे, लॉस एंजेलिसच्या संघाने खेळण्यासाठी थेट न्यू जर्सीपर्यंत का जावे, असे प्रश्न विचारले जातात. प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांची उत्तरे नकाशात सापडत नाहीत. सामन्यांच्या प्रसारणाचे हक्क कोणत्या तारखेपर्यंत कोणाच्या मालकीचे आहेत, हे ज्याला कळले त्याला पुढची हालचाल बरीचशी आधीच दिसू लागते. म्हणून अशी बातमी वाचताना कोणती कागदपत्रे, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी पाहावीत, ते येथे मांडले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८४ पर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचे दूरचित्रवाणी प्रसारण एनसीएए या राष्ट्रीय संस्थेच्या ताब्यात होते आणि कोणता संघ किती वेळा पडद्यावर दिसावा हेही तीच ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळाने दाखल केलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत स्पर्धाविरोधी ठरवली, आणि हक्क विद्यापीठांकडे व त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे आले. कॉन्फरन्स ही मूळची शेजारच्या संघांची स्पर्धा. तेव्हापासून ती सामूहिक विक्री करणारी संस्थाही झाली. सदस्यांनी आपले हक्क एकत्र करायचे, कॉन्फरन्सने ते वाहिन्यांना विकायचे आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा, या व्यवस्थेतूनच आजचे सगळे करार निघाले आहेत.

बातमी हाती आली की सर्वप्रथम तीन तारखा वेगवेगळ्या लिहून काढाव्यात: सोडण्याची घोषणा कधी झाली, औपचारिक नोटीस कधी दिली आणि नव्या कॉन्फरन्समध्ये प्रवेश कधी होणार. त्यांच्याशेजारी जुन्या कॉन्फरन्सच्या प्रसारण कराराची अखेरची तारीख लिहावी. लॉस एंजेलिसमधील यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी ३० जून २०२२ रोजी पॅक-१२ ही कॉन्फरन्स सोडून बिग टेन या कॉन्फरन्समध्ये जाण्याची घोषणा केली, परंतु त्यांचा प्रत्यक्ष प्रवेश २ ऑगस्ट २०२४ रोजी झाला. ही तारीख योगायोगाने आलेली नाही. पॅक-१२ च्या सदस्यांना बांधून ठेवणारी मुदत १ ऑगस्ट २०२४ रोजी संपत होती. ती पूर्ण होऊ दिल्यामुळे या दोघांना फार मोठी भरपाई न देता बाहेर पडता आले. कराराची मुदत संपत आली असताना नवा करार हाती नसणे, हीच कोणत्याही कॉन्फरन्सची सर्वांत दुबळी अवस्था असते. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा ही पाच विद्यापीठे एकाच दिवसात पॅक-१२ मधून निघाली, त्याचे मूळ या अवस्थेत आहे.

दुसरा कागद म्हणजे कॉन्फरन्सची नियमावली. तीत नोटिशीची मुदत, सोडण्याचे शुल्क आणि नोटीस दिल्यानंतर मताधिकाराचे काय होते, ही तीन कलमे शोधावीत. तिसऱ्या कलमाकडे सहसा कोणी पाहत नाही, पण पॅक-१२ चे भवितव्य त्यानेच ठरवले. १ ऑगस्ट २०२४ पूर्वी सोडण्याची नोटीस देणाऱ्या सदस्याचा प्रतिनिधी कॉन्फरन्सच्या संचालक मंडळावर राहणार नाही, अशी तिथे तरतूद होती. बारापैकी एकूण दहा सदस्य निघाल्यावर मागे उरलेल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी तिच्या आधारे न्यायालयात धाव घेतली. वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश दिला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कॉन्फरन्सची मालमत्ता आणि निर्णयाधिकार त्या दोघांकडे आले. जाणाऱ्या दहांपैकी प्रत्येकाच्या वाट्यातून ६५ लाख डॉलर रोखण्यात आले. बाजाराने ज्यांना मोजलेच नाही अशा दोन विद्यापीठांना, कोणीतरी काळजीपूर्वक लिहिलेल्या एका कलमाने उभे राहण्यापुरती जमीन दिली, याचे मला आजही समाधान वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद, ग्रँट ऑफ राइट्स, म्हणजेच हक्क हस्तांतरणाचा करार. हा दस्तऐवज सामान्यतः काही पानांचाच असतो, पण सगळी मेख त्यातच असते. सोडण्याचे शुल्क हा दंडासारखा प्रकार आहे. पैसे मोजले की सुटका होते, आणि ते अवाजवी असल्याचे सांगून न्यायालयात आव्हानही देता येते. हक्क हस्तांतरणाची रचना वेगळी आहे. विद्यापीठ आपल्या यजमानपदाखालील सामन्यांचे प्रसारण हक्क ठरावीक मुदतीसाठी, मागे घेता येणार नाहीत अशा रीतीने कॉन्फरन्सच्या नावे करून देते, आणि मधल्या काळात सदस्यत्व सोडले तरी हक्क परत मिळणार नाहीत हे मान्य करते. संघ जाऊ शकतो, पण त्याच्या घरच्या मैदानावरील सामन्यांचे उत्पन्न जुन्याच कॉन्फरन्सला मिळत राहते. मग नव्या कॉन्फरन्सने त्याला घ्यावे कशासाठी? ती तर वाहिनीला विकण्याजोगे सामने मिळावेत म्हणून सदस्य वाढवत असते. म्हणून या करारात तीन गोष्टी नेमकेपणाने पाहाव्यात: मुदत कोणत्या वर्षापर्यंत आहे, हस्तांतरण ‘सदस्य असेपर्यंत’ आहे की ‘सदस्यत्व संपले तरी’ आहे, आणि कोणते सामने त्यात येतात. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळलेला सामना साधारणपणे यजमानाच्या कॉन्फरन्सचा धरला जातो, हे हिशेब करताना विसरू नये.

या कागदाने काय फरक पडतो, हे मेरीलँड विद्यापीठाच्या उदाहरणावरून कळते. मेरीलँडने एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, सोडून बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा नोव्हेंबर २०१२ मध्ये केली. तेव्हा एसीसीमध्ये फक्त शुल्क होते, हक्क हस्तांतरण नव्हते. शुल्क सुमारे ५.२ कोटी डॉलर होते, वाद न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये सुमारे ३.१४ कोटींवर तडजोड झाली. ती रक्कमही मेरीलँडला वेगळी भरावी लागली नाही, कारण कॉन्फरन्सने त्याचा वाटा आधीच रोखून ठेवला होता. मेरीलँडच्या घोषणेनंतर पाच महिन्यांत, एप्रिल २०१३ मध्ये, एसीसीच्या सदस्यांनी हक्क हस्तांतरणावर सह्या केल्या आणि २०१६ मध्ये त्याची मुदत २०३६ पर्यंत वाढवली. त्या वेळी ही दीर्घ मुदत सुरक्षिततेची हमी वाटली. पुढे बिग टेन आणि एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, यांचे करार कितीतरी मोठे झाले आणि तीच मुदत काही सदस्यांना बेडीसारखी वाटू लागली.

यानंतर हिशेबाची पायरी येते. सोडण्याची किंमत म्हणजे शुल्क, उरलेल्या वर्षांच्या हक्कांचे मूल्य आणि रोखला जाणारा वाटा यांची बेरीज होय. एसीसीचे सदस्य असलेल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये एसीसीविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात ही किंमत ५७.२ कोटी डॉलर असल्याचे म्हटले होते. त्यात शुल्काचा भाग सुमारे १३ कोटींचा आणि हक्कांचा भाग जवळपास ४३ कोटींचा होता. बातमीच्या मथळ्यात केवळ शुल्क दिले असेल तर किंमतीचा लहान भागच आपल्यासमोर आला आहे, असे समजावे.

खटला सुरू झाला असेल तर तो कोणत्या न्यायालयात आहे तेही पाहावे. फ्लोरिडा स्टेटने आपल्या राज्यातील लिऑन काउंटीत दावा दाखल केला, पण एसीसीने एक दिवस आधीच नॉर्थ कॅरोलिनात, जिथे कॉन्फरन्सचे मुख्यालय आहे, दावा लावला होता. मार्च २०२४ मध्ये एसीसीचेच सदस्य असलेल्या क्लेमसन विद्यापीठाने साउथ कॅरोलिनात वेगळा दावा केला. आपल्या राज्यातील सार्वजनिक विद्यापीठाकडे तिथले न्यायालय कसे पाहील, याचा विचार दोन्ही बाजू करतात. त्यामुळे असे वाद निकालापर्यंत क्वचितच जातात.

तडजोडीचा कागद म्हणूनच मूळ करारापेक्षा बारकाईने वाचावा. टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांना बिग १२ या कॉन्फरन्सचे हक्क हस्तांतरण २०२५ पर्यंत बांधून होते. दोघांनी मिळून १० कोटी डॉलरचा वाटा सोडण्याचे मान्य केले आणि ती एक वर्ष आधी, १ जुलै २०२४ रोजी, एसईसीमध्ये गेली. एसीसीतील वाद मार्च २०२५ मध्ये मिटला. त्या तडजोडीनुसार २०२५-२६ मध्ये सोडण्याचे शुल्क १६.५ कोटी डॉलर आहे, ते दरवर्षी १.८ कोटींनी घटत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटींवर येते, आणि शुल्क भरणाऱ्याचे हक्क त्याच्याकडेच राहतात. शेवटची अट सर्वांत मोठी आहे, कारण तिने २०३६ पर्यंतच्या हस्तांतरणाचा बंध पैशात मोजता येईल असा करून टाकला.

नव्या कॉन्फरन्सच्या प्रवेशाच्या अटीही वाचाव्यात, कारण ‘प्रवेश’ या शब्दात पूर्ण वाटा गृहीत नसतो. एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) नऊ वर्षे प्रसारणाच्या उत्पन्नाचा वाटा न घेण्याच्या अटीवर एसीसीत जागा मिळवली. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांनी पहिली काही वर्षे अंशतः वाटा स्वीकारला. यूसीएलएला तर कॅलिफोर्नियातील सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळाची मंजुरी घ्यावी लागली, आणि आपल्या जाण्याने नुकसान झालेल्या कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर देण्याचा भार त्याच्यावर आला.

ही कागदपत्रे मिळवण्याचे मार्ग आहेत. सार्वजनिक विद्यापीठांना त्यांच्या राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा लागू असल्याने पत्रव्यवहार आणि मंडळाच्या सभांची कार्यसूची मागता येते. अचानक बोलावलेल्या विशेष सभेची कार्यसूची हे अनेकदा पहिले जाहीर लक्षण असते. स्टॅनफर्ड किंवा यूएससी यांसारख्या खासगी विद्यापीठांकडून असे काही मिळत नाही. कॉन्फरन्सच्या वार्षिक कर विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म ९९० मध्ये, सदस्यांना दिलेल्या रकमा असतात, पण ते उशिरा प्रसिद्ध होते. खटला झाला असेल तर दाव्याला जोडलेली परिशिष्टे सोडू नयेत. वृत्तांतात न आलेले मूळ कलम बहुधा तिथे सापडते.

पुढील हालचालींसाठी काही वर्षे नोंदवून ठेवावीत. नोत्र दाम विद्यापीठाचा एनबीसी वाहिनीशी असलेला करार २०२९ पर्यंत, बिग टेनचे प्रसारण करार २०२९-३० पर्यंत आणि बिग १२ चे २०३०-३१ पर्यंत आहेत. एसीसीचे शुल्क ७.५ कोटींवर येण्याचे वर्षही २०३०-३१ हेच आहे.