मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म कसे तपासावेत

कोणत्याही मोठ्या संख्येचे वर्गीकरण करताना प्रथम तिचे मूळ अवयव पाडावेत, कारण पुढचे जवळजवळ सर्व निष्कर्ष त्यांवरूनच निघतात. उदाहरणासाठी ७,२०,७२० ही संख्या घेऊ. भागाकार सुरू करण्यापूर्वी अंकांची मांडणी न्याहाळावी: ७२० हा गट दोनदा आल्यामुळे ही संख्या ७२० × १००१ आहे, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३ हे सुंदर समीकरण पाठच असावे. ७२० चे अवयव २⁴ × ३² × ५ आहेत.

आता प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला, की ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४० विभाजक मिळतात. याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशा संख्यांचा सखोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. सर्व घातांक सम नसल्याने ही पूर्ण वर्गसंख्या नाही.

विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या १ पासूनच्या घातांची बेरीज (२ साठी १ + २ + ४ + ८ + १६ = ३१) करून त्या बेरजा गुणाव्यात: ३१ × १३ × ६ × ८ × १२ × १४ = ३२,४९,७९२. ही बेरीज मूळ संख्येच्या दुपटीहून जास्त असल्याने संख्या ‘विपुल’ ठरते. शिवाय ती १ ते १६ या सर्व संख्यांचा लसावि आहे.