चार्जिंगनंतर नाही, उतरल्यावर मोजा: फवारणी ड्रोनच्या बॅटरीची वही

ड्रोन फवारणीत नव्यानं येणारी मुलं मला उडवण्याबद्दल विचारतात. उडवणं प्रशिक्षणात शिकवतात, रिमोट पायलट सर्टिफिकेटही मिळतं. बॅटरी वाचायला मात्र मला पलूसजवळच्या एका उसानं शिकवलं.

१० लिटरचं मशीन, आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. उडवण्याआधी व्होल्टेज पाहिलं, ५०.२. सहा-सहा सेलच्या (सेल म्हणजे बॅटरीच्या आतली एकेक छोटी बॅटरी) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडलेल्या. असा बारा सेलचा सेट पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्ट दाखवतो, म्हणून निर्धास्त होतो. चौथ्या मिनिटाला रिमोट ओरडायला लागला आणि मशीन बांधापर्यंत यायच्या आत उसात बसलं. शोधायला तास गेला. बांधावरचे आजोबा म्हणाले, “पाव्हणं, मशीन दमलं व्हय?” खरंच दमलं होतं. तीन नंबरच्या बॅटरीतला चौथा सेल दमला होता आणि ते मला दोन महिने आधीच कळायला हवं होतं.

सिरीजमधल्या सगळ्या सेलमधून सारखाच करंट जातो. ज्या सेलची ताकद कमी झाली, तो आधी तळाला जातो आणि बाकीचे अकरा भरलेले असून उपयोग नसतो. चार्जर प्रत्येक वेळी बॅलन्स करून सगळे सेल ४.२ व्होल्टवर आणून ठेवतो, त्यामुळे भरलेल्या बॅटरीत हा दोष झाकला जातो. तो दिसतो मशीन उतरल्यावर. तेव्हापासून मी उतरल्या उतरल्या सेलचं व्होल्टेज पाहतो. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये ०.०३ चा फरक असेल तर चिंता नाही. तो ०.१ च्या पुढे जायला लागला की ती बॅटरी भरलेल्या टाकीला लावत नाही.

प्रत्येक बॅटरीवर मार्करनं नंबर आणि घेतल्याची तारीख घाला, आणि वहीत तिचं स्वतंत्र पान करा. मी रोज दोनच गोष्टी लिहितो: उतरल्यावरचा सेलमधला फरक आणि त्या दिवशी किती वेळा चार्ज केली. हा दुसरा आकडा नव्या माणसाला घाबरवतो. दिवसाला २० उड्डाणं आणि चार सेट धरले, तर एक सेट दिवसाला पाच वेळा चार्ज होतो. २० दिवसांत १०० सायकल, म्हणजे शंभर वेळा भरून रिकामी! बॅटरीचं वय महिन्यांत मोजून चालत नाही ते यासाठी.

आठवड्यातून एकदा प्रत्येक सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे सेल आतून करंटला करतो तो अडथळा, मिलिओहममध्ये लिहा. चार्जर तो दाखवतो. पण तो तापमानाप्रमाणे बदलतो. थंड बॅटरीत जास्त दिसतो, गरम बॅटरीत कमी. शिवाय दोन चार्जर वेगवेगळे आकडे दाखवतात. म्हणून तोच चार्जर, तीच वेळ. मी रात्री घरी, बॅटरी पूर्ण निवल्यावर घेतो. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही. नवी असतानाच्या आकड्याच्या दीडपट झाला, की मी सावध होतो. उसात बसलेल्या त्या बॅटरीचा चौथा सेल दुपटीवर गेलेला निघाला. नवी असतानाची नोंदच नव्हती, ती मला शेजारच्या सेलवरून ताडावी लागली.

महिन्यातून एकदा बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत हळू उतरवून पूर्ण भरा आणि चार्जरनं किती एमएएच (बॅटरीत मावणाऱ्या चार्जचं माप) घातले ते लिहा. पहिल्या महिन्यात १४,००० जात होते आणि आता ११,२०० जातात, तर क्षमता ८० टक्क्यांवर आली. मी तिथं ती फवारणीतून काढतो.

सगळ्यात जास्त नुकसान काम नसताना होतं. एका जुलैत उद्या फवारणी म्हणून सगळे सेट भरले, पाऊस लागला आणि तीन आठवडे ते तसेच राहिले. दोन फुगले. पूर्ण भरलेली लिथियम पॉलिमर बॅटरी, त्यात उकाडा, की आत वायू तयार होतो. काम दोन-तीन दिवस पुढे गेलं तरी चार्जरच्या स्टोरेज मोडला लावा, तो प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवतो. उन्हाळ्यात उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. सावलीत ठेवा, हाताला गार लागू द्या. घाईच्या दिवसांत हेच पाळणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून एक सेट जादा घ्या.

फुगलेली बॅटरी टोचू नका, उकिरड्यावर टाकू नका. घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवा आणि जिथून घेतली तिथं परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

जुना सेट विकत घेणार असाल तर भरलेलं व्होल्टेज पाहून पैसे देऊ नका. मशीनला लावायला सांगा, पाणी भरून पाच मिनिटं हवेत धरा, आणि उतरल्यावर सेल बघा.