मांडवीच्या मुखाकडील पाण्याचा खारेपणा कसा मोजावा

पणजीच्या धक्क्यावरून बादलीभर पाणी काढून मांडवी खारी की गोडी हे ठरवता येत नाही, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते आणि जून ते सप्टेंबर या काळात नदीला पूर असताना ते तळाशी पाचरीसारखे आत शिरते, तर वरून जवळजवळ गोडे पाणी वाहत असते. म्हणून नमुने एकाच ठिकाणी, एकाच वेळी, पण दोन खोलींवर, पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ, घ्यावेत.

त्यासाठी अरुंद तोंडाची काचेची बाटली, घट्ट बूच, बाटलीला बांधायचा दगड आणि दोन दोऱ्या पुरतात. एका दोरीवर दर मीटरला गाठ मारावी. दुसरी बुचाला बांधावी. बाटली तळापासून अर्धा मीटर वर थांबवून बूच ओढावे, बुडबुडे थांबले की वर घ्यावी. तोंड अरुंद असल्याने वर येताना आतले पाणी फारसे बदलत नाही. धक्क्यावर दुसरा माणूस सोबत असावाच. पावसाळ्यातील ओढ वरून दिसते त्याहून जबर असते.

नमुना एक दिवस स्थिर ठेवून, गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी दाट कापडातून गाळावे. ही पायरी कधीही टाळू नये, कारण पुराच्या पाण्यातील माती मिठाच्या वजनात मिसळली तर सारी मोजणी वाया जाते. मग २०० मिलिलिटर पाणी आधीच वजन केलेल्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आटवावे आणि उरलेला क्षार पूर्ण कोरडा करून तोलावा. निव्वळ समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतो, म्हणजे येथे साधारण ७ ग्रॅम भरावा. वजनकाटा दशांश ग्रॅम दाखवणारा हवा.

प्रत्येक नमुन्यापुढे तिथी आणि भरतीची वेळ लिहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोराने घुसळते आणि थर मोडतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत, थर अधिक टिकतात. दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, तेवढे धक्क्यावर उशिरा जावे.

पणजी, रायबंदर, जुने गोवे असे वर सरकत उन्हाळ्यात हीच मोजणी केली, तर वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक पावसाळ्यापेक्षा पुष्कळच कमी भरतो, आणि खार मात्र कितीतरी आतपर्यंत सापडतो. भरती पोचली तेथे खार पोचलाच, असे मात्र धरू नये; नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गांजे गावापर्यंत पाणी चढते-उतरते, तरी ते गोडे असू शकते. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारापाशी) मोजायचे असेल, तर दाराच्या नदीकडील आणि शेताकडील अशा दोन्ही बाजूंचे नमुने घ्यावेत, आणि कोरगुटाची, म्हणजे खार सोसणाऱ्या भाताची, पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला ते आकडे हाती येताच सांगावेत.