मे महिन्यात पोट्टे घेऊन नागपूर: सावलीच्या हिशोबानं एक दिवस

दर मे महिन्यात पुण्याचा भाचा आमच्याकडे हिंगणघाटला येतो. वय सात. दोन दिवस आंबे, दोन दिवस पत्ते आणि पाचव्या दिवशी सकाळीच, "मामी, नागपूरला जाऊ ना." माझी चार वर्षांची लेक लगेच त्याच्या बाजूनं. यांना सुट्टी नसते, म्हणजे दोन पोट्टे आणि मी एकटी.

पहिल्या वर्षी मी सगळं उलटं केलं. जेवून-खाऊन निघालो आणि भर दुपारी दीडला दीक्षाभूमीवर उतरलो. स्तूपात जायचं तर चपला काढाव्या लागतात, हे ठाऊक होतं. मे महिन्यात तिथली फरशी तवा झालेली असते, हे डोक्यात आलं नाही. एक काखेत, एक पाठीवर घेऊन मी जी धावले, ते आजही घरात नक्कल करून दाखवतात. दीक्षाभूमी जरूर बघा, पण ऊन उतरल्यावर. आणि पोरांच्या पायात मोजे राहू द्या.

तेव्हापासून मी ठिकाणांची यादी करत नाही. सावली कधी कुठे मिळेल ते बघते आणि त्यात ठिकाणं बसवते. सकाळी अकरापर्यंत उघड्यावर, बारा ते चार छताखाली, आणि मधलं चालणं जेवढं कमी तेवढं बरं. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. एरवीही मेमध्ये ४४-४५ ला इथं कोणी बातमी म्हणत नाही. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी जाऊन या. सोमवार टाळा, महाराजबाग (प्राणिसंग्रहालय) आणि अजब बंगला (जुनं वस्तुसंग्रहालय) दोन्ही त्या दिवशी बंद असतात.

आदल्या रात्री पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या (पूर्ण भरल्या तर फुगतात). सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळल्या की दुपारपर्यंत गार राहतात. तिसऱ्या बाटलीत कैरीचं पन्हं. ओआरएसची दोन पाकिटं पर्समध्ये हवीतच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यात अंदाजपंचे नको. खायला धपाटे आणि गुळाच्या दशम्या, त्या उन्हात खराब होत नाहीत. सुती दुपट्टे तीन. सासूबाई न विचारता बॅगेत कांदा टाकतात, ऊन लागू नये म्हणून. मी वाद घालत नाही. दुपारी तो धपाट्यासोबत खाऊन टाकतो.

पुण्या-मुंबईच्या पोरांची एक गोष्ट लक्षात घ्या. तिकडे घाम अंगावर दिसतो, इथली हवा इतकी कोरडी की घाम निघता निघताच वाळतो. भाचा म्हणतो, "मामी, मला घामच येत नाहीये, मला पाणी नको." तेच धोक्याचं. मी विचारत बसत नाही, दर अर्ध्या तासानं सरळ त्याच्या तोंडाला बाटली लावते. बडबड्या पोट्टा अचानक गप्प झाला, अंग तापलं, बराच वेळ शू झाली नाही, तर सहल तिथंच थांबवायची. सावलीत न्यायचं, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. सुस्ती उतरत नसेल तर डॉक्टर गाठायचा.

आम्ही सकाळची पहिली एसटी धरतो. बायांना अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या पोरांनाही अर्धं, लेकीचं तर लागतच नाही. तिघांचं मिळून एकाच तिकिटाचे पैसे. बसायचं डाव्या बाजूला. गाडी उत्तरेला जाते, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. जाम, बुटीबोरी करत गणेशपेठच्या स्टँडवर उतरायचं, तिथून ऑटो. भाडं बसायच्या आधी ठरवायचं.

आधी महाराजबाग, फाटक उघडल्याबरोबर. भोसल्यांच्या काळातली ही बाग आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. झाडं जुनी, सावली दाट. उन्हाळ्यात वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या आणि कूलर लावतात. भाच्याला वाघापेक्षा वाघाच्या कूलरचंच जास्त कौतुक. "मामी, वाघाच्या घरी कूलर आहे आणि आजीच्या खोलीत नाही?" मी त्याला हरणांकडे वळवलं. दहा वाजले की प्राणीही सावलीत जाऊन पडतात, मग जाळीपुढे उभं राहून "दिसत नाही, दिसत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. गाडीवरचा रंगीत बर्फाचा गोळा मी देत नाही, बर्फ कुठल्या पाण्याचा कोणास ठाऊक. टरबुजाच्या फोडी घरून डब्यात नेते. (भाचा त्याला कलिंगड म्हणतो. हिंगणघाटात असेपर्यंत टरबूजच म्हणायचं, असं ठरलंय.)

तिथून अजब बंगला जवळच, सिव्हिल लाइन्समध्ये, तरी ऑटोच करा. नाव मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचं, पण ते नाव सांगितलं तर ऑटोवाला दोनदा विचारतो. जाड भिंती, उंच छत, आत गेलं की डोळे आपोआप निवतात. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. मूर्ती आणि शिलालेखांसमोर चार वर्षांचं पोर पाच मिनिटंही टिकत नाही. पेंढा भरलेले प्राणी आणि जीवाश्म, एवढं पुरे. मी तिथं पिसदुऱ्याची गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ हे गाव आहे. तिथं डायनासोरची हाडं सापडली, आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळेसुद्धा. शेण म्हटलं की दोघं खाली बसून हसतात. पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नसतो.

साडेअकराला बर्डी, म्हणजे सीताबर्डी. एखाद्या एसी हॉटेलात पोरांना इडली, मला ताक. टेबल रिकामं व्हायची वाट बघणारं कोणी नसेल तर तासभर उठू नका. तर्री पोहा हा सकाळचा आणि मोठ्यांचा माल. भाच्यानं हट्टानं एक चमचा खाल्ला आणि अर्धी बाटली पाणी संपवलं.

आता दिवसातला सगळ्यात स्वस्त खेळ, मेट्रो. भर दुपारी गार डब्यात बसून शहर बघायचं. सीताबर्डीला नारिंगी आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात. पोरांना घेऊन नारिंगीवर ऑटोमोटिव्ह चौकाकडे जा. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. खालून रेल्वेगाडी गेली तर नशीब. आमच्या नशिबात मालगाडी होती, लेकीनं एकविसापर्यंत डबे मोजले, मग पुन्हा एकपासून. वेळ असेल तर उलट दिशेला खापरीपर्यंत जाऊन या, विमानतळ त्याच वाटेवर आहे. डब्यात खाता येत नाही, म्हणून पोटं आधीच भरलेली हवीत.

मग सीताबर्डीला गाडी बदलून अ‍ॅक्वानं कॉटन मार्केट, तिथून ऑटोनं गांधीसागरसमोरचं रामन विज्ञान केंद्र. १९९२ पासून आहे. सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास नागपुरात हिशेब खात्यात नोकरीला होते, तेच नाव केंद्राला दिलंय. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे बाबांसारखे?" त्याचे बाबा अकाउंटंट आहेत.

आत शिरल्याबरोबर तारांगणाचा पुढचा खेळ किती वाजता आणि कोणत्या भाषेत, ते विचारून तिकीट काढा, बाकीचं नंतर. दार लागून मिट्ट काळोख झाला की लहानगी रडतात. माझी पहिल्यांदा रडली. आता मी बाहेरच सांगते, "आत रात्र होणार आहे, चांदण्या मोजायच्या." दाराजवळची कडेची खुर्ची धरायची. बाकीची दालनं हात लावून बघायची आहेत, तिथं दोन तास मला काही करावं लागत नाही. मी पंख्याखाली बसते. बाहेरच्या अंगणातले डायनासोर अगदी शेवटी, पाच वाजल्यावर.

घरी न्यायला संत्रा बर्फी घ्या. ताजी संत्री मेमध्ये शोधू नका, मृग बहाराचं पीक तोवर संपलेलं असतं. गणेशपेठ स्टँड तिथून जवळ. बाहेर रसवंती दिसली तर बिनबर्फाचा रस घ्या. घुंगरांचा आवाज आला की पोट्टे तसेही पुढे जात नाहीत.

परतीलाही डावीच बाजू. गाडी आता दक्षिणेला जाते, मावळतीचं ऊन पुन्हा उजवीकडे. गेल्या वर्षी भाच्यानं बोटं फिरवून फिरवून याचा हिशोब लावला, "मामी, म्हणजे सूर्य दोन्ही वेळा ड्रायव्हरकाकांच्याच अंगावर!" असं म्हणाला आणि बुटीबोरी यायच्या आत माझ्या मांडीवर झोपला.